माळकऱ्यासोबत फ्रास्कातीत पाच दिवस

इटलीला जायचं ठरलं ते भाचीमुळे. ती रोमजवळच्या फ्रास्काती गावातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी कामाला आहे. मी नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली बाई. असं बोलावणं आल्यावर नाही म्हणते की काय! आमच्या ह्यांचं मात्र घोडं अडलं. ह्यांची पिंपळगावजवळ पाच एकर द्राक्षबाग, बहुतेक थॉमसन आणि थोडी सोनाका, दोन्ही बिनबियांच्या जाती. गळ्यात तुळशीची माळ. "सगळं गाव वाइनवर जगतं म्हणतेस, तिथे माझं काय काम?" शेवटी दोन अटींवर तयार झाले. ऑक्टोबर छाटणीच्या आत परत यायचं, आणि ताटात काय आहे ते विचारल्याशिवाय घास उचलायचा नाही. तारखा निघाल्या त्या नेमक्या पितृपक्षातल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग थोरल्या दिरांनी श्राद्धाचं अंगावर घेतलं आणि आम्ही निघालो.

रविवार

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून फ्रास्कातीची लोकल अर्ध्या तासाची. शहर संपता संपता खिडकीतून जुन्या रोमन जलसेतूच्या कमानी दिसू लागतात, मध्येच तुटलेल्या, मध्येच उभ्या. मग डोंगर जवळ येतो, गाडी दम लागल्यासारखी हळू होते आणि वेली सुरू होतात. हे तोवर पेंगत होते, ते सरसावून बसले.

हा रेल्वेमार्ग १८५६ सालचा, पोपच्या राज्यातला पहिला. मी लगेच हिशेब केला. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ची, म्हणजे आपण तीन वर्षं पुढे. परदेशात गेल्यावर असले हिशेब आपोआप होतात, आणि ते आपल्या बाजूने निघाले की प्रवासाचा शीण उतरतो.

स्टेशन खाली आणि गाव वर. मध्ये पायऱ्याच पायऱ्या. त्यात आमच्या बॅगेत भाचीसाठी चिवडा, भाजणी, गोडा मसाला आणि दीड किलो बेदाणे. वरच्या चौकात पोचून मागे वळलो तर सगळं रोम पायाशी पसरलेलं. गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या जरा वर आहे, पण मधली जमीन सपाट असल्यामुळे उंची फार वाटते. भाची म्हणाली, हवा स्वच्छ असली की सेंट पीटरचा घुमट दिसतो. आम्हाला धूसर आकाश आणि दिवे दिसले, तेवढ्यावर समाधान मानलं.

रात्री खोलीवर भाजणीचं थालीपीठ. पहिल्या दिवसाचं एवढंच.

सोमवार

चौकात उभं राहिलं की डोक्यावर डोंगरउतारावर एक प्रचंड हवेली उभी दिसते. तीच व्हिला आल्दोब्रांदिनी. फ्रास्कातीच्या परिसरात अशा बारा व्हिला मोजतात. सोळाव्या-सतराव्या शतकात रोमच्या उन्हाळ्यातून सुटका म्हणून कार्डिनल मंडळी इथे येत, आणि एकाने बांधली की दुसऱ्याला त्याहून मोठी हवी. ही पोप आठवा क्लेमेंट ह्याचा पुतण्या, कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदिनी, त्याची. पोपला मुलं नसायची (नसावीत, असा नियम होता), म्हणून मानपान, जहागिरी, खजिन्याच्या किल्ल्या पुतण्या-भाच्यांकडे जायच्या. इटालियनमध्ये पुतण्याला आणि भाच्याला एकच शब्द आहे, निपोते, जुन्या रूपात नेपोते. 'नेपोटिझम' हा शब्द तिथूनच जगभर गेला. काका-पुतण्यांचं राजकारण आपल्याकडे काही नवीन नाही, पण त्यातून एवढी चांगली बाग निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

घर खासगी आहे, आत जाता येत नाही, बाग मात्र कामाच्या दिवशी उघडी असते. आणि बघायचं ते बागेतच. घराच्या मागे डोंगर अर्धवर्तुळात कापून पाण्याचं नाट्यगृह केलंय. मधल्या कोनाड्यात पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेला अ‍ॅटलस. शेजारच्या कोनाड्यांत बासरी घेतलेला एकाक्ष राक्षस आणि शिंग फुंकणारा, अर्धा माणूस अर्धा घोडा असा प्राणी. वर उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी पाणी धावत खाली यायचं आणि त्या गोलावर फुटायचं. जॅकोमो देल्ला पोर्ता ह्याने १५९८ला काम सुरू केलं, तो १६०२ला वारला, मग कार्लो मादेर्नो आणि जोव्हान्नी फोंताना ह्यांनी पुरं केलं. फोंताना हा पाण्याचा माणूस.

खरी गंमत आवाजाची. पाणी बंद खोलीत कोसळवायचं, त्याबरोबर आत ओढली गेलेली हवा दाबायची आणि ती नळ्यांतून सोडायची. राक्षसाची बासरी, शिंग, एका दालनातला पाण्यावर चालणारा ऑर्गन, सगळं त्या हवेवर वाजत असे. ना पंप, ना वीज, फक्त उंचीतला फरक. अकरावीच्या पोरांना स्थितिज ऊर्जा शिकवताना मी वर्षानुवर्षं डोंगरावरच्या दगडाचं रटाळ उदाहरण दिलं, तेव्हा हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं. आता ऑर्गन वाजत नाही आणि पाणीही आम्ही गेलो तेव्हा बेताचंच होतं. हे बराच वेळ वरच्या पायऱ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "टेकाडावरच्या शेततळ्यातून आपण ड्रिपला पाणी सोडतो, त्यातलाच प्रकार. फक्त ह्यांनी पाण्याला काम न लावता नाचायला लावलंय." चारशे वर्षांच्या बारोक कलेवर इतकी थेट टिप्पणी मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

दुपारी गावात फिरलो. घरं जुनी वाटतात, पण नीट पाहिलं तर मधूनच एखादी रांग अगदीच सपाट, पन्नास-साठच्या दशकातली. कारण कॅथेड्रलपाशी कळलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फील्डमार्शल केसलरिंगने आपलं मुख्यालय इथे थाटलं होतं. ८ सप्टेंबर १९४३ला दुपारी शंभराहून अधिक अमेरिकन बॉम्बर विमानं आली. शेकडो नागरिक मेले, गावाचा मोठा भाग भुईसपाट झाला. केसलरिंग वाचला. आणि त्याच संध्याकाळी इटलीने शरणागती पत्करल्याची घोषणा रेडिओवरून झाली. म्हणजे सकाळी घरातून निघालेल्यांच्या दृष्टीने शरणागतीच्या घोषणेला काही तासच उरले होते. व्हिला तोर्लोनिया त्या काळात गेली ती गेलीच, आता तिथे सार्वजनिक बाग आहे आणि वाचलेल्या कारंज्यांपुढे मुलं फुटबॉल खेळतात. दरवर्षी आठ तारखेला गावात स्मरण करतात. आम्ही पोचलो तेव्हा हारांची पानं सुकली होती. पितृपक्ष चालू आहे हे मला तिथे उभं असताना आठवलं.

संध्याकाळी भाचीने फ्रास्केत्तात नेलं. पूर्वी नवी वाइन तयार झाली की तळघराच्या दारावर झाडाची डहाळी लावायचे. डहाळी म्हणजे फ्रास्का, म्हणून दुकान फ्रास्केत्ता. गावाच्या नावातही त्याच डहाळ्या आहेत असं म्हणतात. दुकानदार फक्त वाइन देणार, खाणं आपलं आपण बांधून आणायचं, अशी पद्धत. काही ठिकाणी अजून तशीच आहे. लोक चौकातल्या टपरीवरून पोर्केत्ता आणतात. आख्खं डुक्कर हाडं काढून, मसाला भरून भाजलेलं. ती टपरी ओलांडताना ह्यांनी मान पूर्ण नव्वद अंशांत दुसरीकडे वळवली आणि एका दिव्याच्या खांबावर आपटले.

आम्ही जेवण मिळणाऱ्या ठिकाणी गेलो. चीज-मिऱ्यांची स्पागेत्ती, भाजलेल्या भाज्या, पाव. ह्यांना ती स्पागेत्ती फार आवडली, दोनदा घेतली. त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेलच.

वाइन मी घेतली, स्पष्टच सांगते. फिकट सोनेरी, थंडगार, शेवटी किंचित कडवट बदामासारखी. भाचीने सांगितलं, माल्व्हाजिया जातीची द्राक्षं मुख्य, सोबत त्रेब्बियानो आणि आणखी काही स्थानिक जाती. ह्यांनी ग्लास हातात घेतला, नाकाशी धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "पाऊस लागलेला नाही ह्या मालाला," म्हणाले आणि ग्लास माझ्याकडे परत दिला.

उठताना दुकानदारीणबाईने ह्यांच्या हातात मधाचं बिस्किट ठेवलं, बाईच्या आकाराचं. त्याला म्हणतात पुपाझ्झा. तिला स्तन तीन. दोन दुधाचे, तिसरा वाइनचा, अशी त्याची कथा. ह्यांनी ते बिस्किट कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि कुणाशी काही बोलले नाहीत.

मंगळवार

हा माझा दिवस.

प्रयोगशाळा गावाच्या खाली उतारावर आहे, इटलीच्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेची. आधी नाव नोंदवावं लागतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. आवारात ऑलिव्हची झाडं, हिरवळ, आणि त्या हिरवळीवर पारदर्शक आवरणाखाली ठेवलेलं एक यंत्र. पहिल्या नजरेला जुन्या साखर कारखान्यातला भंगार सुटा भाग वाटावा असं. लोखंडाचं अवजड धूड आणि त्याच्या मध्ये जेमतेम दीड मीटर व्यासाचं पोकळ कडं. ह्याचं नाव आडा. पूर्ण नावाचा अर्थ 'साठवणीचं कडं'. मी तिथे किती वेळ उभी होते ते मला माहीत नाही, ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाऊण तास.

गोष्ट अशी. १९६० पर्यंत कण फोडायचे म्हणजे वेगवान कण नेऊन स्थिर लक्ष्यावर आदळायचे. उभ्या ट्रकला एसटीने मागून धडक दिली तर ट्रकही पुढे ढकलला जातो आणि बरीचशी ऊर्जा त्या ढकलण्यात वाया जाते. समोरासमोरची टक्कर झाली तर सगळी ऊर्जा टकरीतच. हे सगळ्यांना कळत होतं, पण दोन वेगवेगळी कडी बांधून त्यांतले झोत एकमेकांवर नेमके आणायचे कसे? ७ मार्च १९६० रोजी ह्याच प्रयोगशाळेत ब्रूनो टाउशेक नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने व्याख्यानात सुचवलं, दोन कडी कशाला? एकाच कड्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सोडा. विद्युतभार उलट, वस्तुमान तेच. तेच चुंबकीय क्षेत्र एकाला डावीकडून फिरवेल, दुसऱ्याला उजवीकडून, आणि दोघं वाटेत भेटतील. भेटले की पदार्थ आणि प्रतिपदार्थ, दोन्ही नाहीसे होऊन शुद्ध ऊर्जा. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मी हजारो पोरांकडून पाठ करून घेतला. त्याच नियमात हे दडलेलं होतं, आणि सुचलं ते एकाला.

हा टाउशेक १९२१ साली व्हिएन्नात जन्मला. आई ज्यू, म्हणून नाझींच्या राज्यात विद्यापीठाचं दार बंद. हॅम्बुर्गला जाऊन राहिला, तिथे व्हिडेरो नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाच्या इलेक्ट्रॉन-त्वरकावर काम केलं. १९४५ला गेस्टापोने पकडलं. कैद्यांना कीलच्या छावणीकडे पायी नेत असताना हा आजारी, पाठीवर पुस्तकांचं ओझं, वाटेत कोसळला. पहारेकऱ्याने गोळी झाडली, कानामागे लागली, मेला समजून टाकून गेले. तो वाचला. १९५२ला रोमला आला आणि राहिला. रोममध्ये त्याची मावशी होती, तिचंही नाव आडा. ही माहिती भाचीने मुद्दाम माझ्याकडे बघत दिली. "मावशी, मी काही बनवलं तर तुझं नाव देईन." मी म्हटलं, आधी पेपर वेळेत पूर्ण कर.

व्याख्यानानंतर वर्षभरात, फेब्रुवारी १९६१मध्ये, ह्या कड्यात पहिले कण साठवले गेले. मला खरं आश्चर्य ह्या वेगाचं वाटलं. आमच्या कॉलेजात नवा ऑसिलोस्कोप मागवला की दोन शैक्षणिक वर्षं जायची. पुढे पॉझिट्रॉन पुरेसे मिळेनात म्हणून १९६२च्या उन्हाळ्यात ट्रकवर घालून यंत्र फ्रान्सला नेलं, पॅरिसजवळच्या ओर्सेला. आतली निर्वात पोकळी जपायची म्हणून बॅटरीवर पंप चालू ठेवून. सीमेवरच्या कस्टमवाल्याने कडं उघडून आत काय आहे ते दाखवा असा हट्ट धरला, असं सांगतात. आत काहीच नाही, आणि ते 'काहीच नाही' मोठ्या कष्टाने केलेलं आहे, हे त्या माणसाला कसं पटवायचं! सरकारी खात्यातल्या वरिष्ठांना मध्ये पडावं लागलं.

दुसरी गंमत भाजण्याची. एका बाजूने इलेक्ट्रॉन भरून झाले की पॉझिट्रॉनसाठी आख्खं यंत्र फिरवून उलटं करावं लागायचं. त्या रचनेला त्यांनी नावच दिलं होतं भाजायची फिरती सळई. पोर्केत्ताच्या मुलखातल्या माणसांना दुसरं काय सुचणार? पण उलटं केलं की साठवलेले कण गायब. शोध घेतला तर कड्यातली बारीक धूळ खाली पडून झोताच्या वाटेत येत होती. मग उलटं करायचं सोडून यंत्र सरकवायला लागले. शेवटी ओर्सेला त्यांना कण खरोखर आदळल्याची खूण मिळाली. जिनिव्हाजवळच्या सेर्न प्रयोगशाळेचा सत्तावीस किलोमीटरचा बोगदा आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनसाठीच खणला होता. तो ह्या दीड मीटरचा वंशज. आपल्या इंदूरला इंडस-१ आणि इंडस-२ ही साठवणीची कडी आहेत. तिथे टकरी नाहीत, फिरत्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश वापरतात, पण कुळ हेच.

आडाच्या मागोमाग आलं आदोने, म्हणजे थोरली आडा. शंभरावर मीटर परिघाचं, १९६९ला सुरू झालं. जास्तीत जास्त ऊर्जा तीन गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलेली. आणि निसर्गाने एक नवा कण ठेवला होता ३.१वर! नोव्हेंबर १९७४मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी तो सापडला. फ्रास्कातीला फोनवरून कळलं, तेव्हा इथल्या लोकांनी यंत्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणलं आणि काही दिवसांत त्यांनाही दिसला. अमेरिकेतल्या दोघांना १९७६चं नोबेल मिळालं. मेरिट लिस्ट एका मार्काने हुकलेली पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही गोष्ट ऐकताना मला घसा खाकरावा लागला.

आज त्या इमारतीत दाफ्ने हे तशाच टकरींचं यंत्र आहे. यंत्र बंद असताना एका खिडकीतून बघू देतात. निळे, लाल, पिवळे चुंबक, केबलींचं जंगल. खरं सांगायचं तर डोळ्यांना फार काही कळत नाही. ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "लाइट गेली तर?" भाची हसली नाही. म्हणाली, "काका, साठवलेले सगळे कण जातात. पुन्हा पहिल्यापासून भरायचे." ह्यांनी मान हलवली. रात्री दोन वाजता थ्री फेजची वाट बघत मोटारीपाशी बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

परतताना युरोपीय अंतराळ संस्थेचं केंद्र बाहेरून पाहिलं. पृथ्वी निरीक्षणाच्या उपग्रहांचा कारभार इथून चालतो. ह्यांच्या मोबाइलवर आठवड्याला बागेचा हिरवा-पिवळा नकाशा येतो, कुठे वेल अशक्त आहे ते दाखवणारा. सेंटिनेल उपग्रहांची चित्रं कोणालाही फुकट मिळतात, तसले नकाशे बहुतेक त्यांतूनच होतात, असं भाचीने सांगितलं. ह्यांनी फाटकापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. अख्ख्या सहलीत स्वतःहून काढून घेतलेला हा एकच फोटो.

बुधवार

सकाळी व्हिला फाल्कोनिएरीवरून गेलो. जून १९६३मध्ये इथे काही देशांचे तज्ज्ञ जमले आणि संशोधन कशाला म्हणायचं, त्याचा खर्च कसा मोजायचा ह्याचे नियम केले. तो दस्तऐवज जगभर 'फ्रास्काती मॅन्युअल' म्हणूनच ओळखला जातो. भारत संशोधनावर जीडीपीच्या एका टक्क्याहून कमी खर्च करतो असं आपण पेपरात वाचतो, ती मोजणीची रीत ह्या बागेतली.

तिथून पुढे व्हिला मोंद्रागोने, शेजारच्या मोन्ते पोर्त्सिओ गावाच्या हद्दीत. आता रोमच्या एका विद्यापीठाकडे आहे. आधी विचारून ठेवलं नाही तर फाटकावरून परत, आणि आमचं तसंच झालं. वेळ घेतली होती, पण तारीख भलतीच नोंदली गेली होती. भाची संतापली. मला मात्र हसू आवरेना. कारण जगातल्या तारखांचा सगळ्यांत मोठा घोळ ज्या घरात निस्तरला, त्याच्याच दारात आमची तारीख चुकली होती.

२४ फेब्रुवारी १५८२ला पोप तेराव्या ग्रेगरीने ह्याच व्हिलातून कालगणना सुधारण्याचा फतवा काढला. जुन्या ज्युलियन पंचांगात वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी मोठं धरलेलं. शतकानुशतकं ती मिनिटं साचत गेली आणि वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा क्षण, दहा दिवस मागे सरकला. उपाय सुचवला तो कालाब्रियातल्या लुइजी लिलिओ ह्या वैद्याने. शतकाचं वर्ष चारशेने भाग जाईल तरच लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. आणि साचलेले दहा दिवस एकदम कापून टाकले. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारी झोपलेली माणसं १५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी उठली.

फाटकाबाहेरच्या दगडावर बसून मी हे ह्यांना सांगत होते. ह्यांचं मत पडलं की आपला अधिक मास बरा, काही कापायला नको, साचलं की एक महिना घालायचा. तेही खरंच. पण ह्या फाटकाशी आपलाही एक धागा जुळतो. पोर्तुगालने नवी गणना लगेच घेतली, इंग्रजांनी पोपचं ऐकायचं नाही म्हणून १७५२ पर्यंत घेतली नाही. त्यामुळे शिवकाळात गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत एक तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदांत दहा दिवस मागची. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची. नव्याने मोजली तर १६ जून. महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही नव्या गणनेत १ मार्च. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोन्हीकडे त्रयोदशीच. हे ह्यांना फारच आवडलं.

ह्याच व्हिलात पुढे जेझुइट ह्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाची शाळा होती. १९१२मध्ये व्हॉयनिच नावाच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून एक हस्तलिखित घेतलं. पंधराव्या शतकातलं चर्मपत्र, अनोळखी वनस्पतींची चित्रं, आणि आजवर कोणालाही न वाचता आलेली लिपी. ते आता अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. भाचीने मोबाइलवर पान दाखवलं. हे चष्मा वर करून म्हणाले, "मोडी तर नाही ना?"

गुरुवार

शेवटचा दिवस. तुस्कुलुमला चालत गेलो. पाचेक किलोमीटर चढ, चेस्टनटच्या सावलीतून. फ्रास्कातीच्या आधीचं गाव म्हणजे हे. रोम शहराच्या लोकांनी ११९१मध्ये ते जमीनदोस्त केलं, पुन्हा वसलं नाही. माणसं खाली उतरली आणि आजूबाजूच्या गावांत पांगली. आता माथ्यावर क्रूस, एक छोटं दगडी नाट्यगृह, गवत, मेंढ्या. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो, त्याची हवेली इथेच परिसरात होती. पण आमच्यात चर्चा झाली ती केटो ह्या रोमन मुत्सद्द्याची. इ.स.पूर्व २३४ला तो ह्या गावी जन्मला. शेतीवर त्याने लिहिलेलं पुस्तक हे लॅटिनमधलं आज पूर्ण उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं गद्य. त्यात कोणती जमीन घ्यावी ह्याची क्रमवारी आहे, आणि पहिला नंबर द्राक्षमळ्याचा, वाइन चांगली आणि भरपूर निघत असेल तर. ह्यांची छाती फुगली. मग मी सांगितलं की त्याने कोबीचीही पानंच्या पानं स्तुती केली आहे. "कोबी?" हे थांबलेच. "पन्नास पैसे किलोने रस्त्यावर ओतला तेव्हा कुठे होता हा?"

उतरताना वाट चुकलो. बसची वेळ गेली, पाय बोलू लागले, आणि एका द्राक्षमळ्यात शिरलो. तोडणी चालू होती. इथली माती म्हणजे जुन्या ज्वालामुखीची राख, मऊ, करडी, चुरली की बोटांना चिकटणारी. आपली काळी मातीसुद्धा लाव्ह्याचीच, पण सहा-साडेसहा कोटी वर्षं मुरलेली. हिचं वय त्यापुढे काहीच नाही. ह्यांनी ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. तेवढ्यात एक म्हातारबाबा क्रेट घेऊन आले. सत्तरी ओलांडलेले, टोपी, हाताला चिक्कट रस. परके लोक मळ्यात शिरलेत म्हणून रागावतील असं वाटलं, पण ह्यांनी हात जोडले आणि सरळ एका वेलीच्या बुंध्याकडे बोट दाखवून कलमाची गाठ दाखवली. म्हातारबाबांनी मान डोलावली. संपलं, ओळख झाली.

पुढचा अर्धा तास आम्हा दोघींना काही काम नव्हतं. जुन्या तुकड्यात वेली डोक्यावरच्या मांडवावर चढवलेल्या, नव्यात तारांवर सरळ भिंतीसारख्या. ह्यांनी मांडवाखाली जाऊन हात वर केले, तारेची उंची मोजली. म्हातारबाबांनी एक घड तोडून दिला. ह्यांनी मणी तोंडात टाकला, चावला, आणि बी तळहातावर काढून दुःखाने माझ्याकडे पाहिलं. थॉमसनवाल्याला बी म्हणजे अपमानच. मग खिशाकडे हात नेऊन डोळ्यासमोर नळी धरल्याची खूण केली. म्हातारबाबा मोठ्याने हसले, क्रेटमधून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची नळी, काढला, त्यावर मणी पिळला. दोघांनी आळीपाळीने सूर्याकडे तोंड करून पाहिलं. ह्यांनी दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली, आणि वर एक. म्हातारबाबांनी मान डोलावली. एकवीस.

"आपण सतरा-अठरा शुगरला कापतो," ह्यांनी भाचीला सांगितलं. "विचार, छाटणी कधी असते?"

तिने विचारलं. "थंडीत. जानेवारी-फेब्रुवारी."

"ती झाली एक. दुसरी?"

तिने पुन्हा विचारलं. म्हातारबाबांना प्रश्नच कळेना. दुसरी छाटणी नसते, वर्षाला एकच. ह्यांनी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हातवारे करून समजावली, भाचीने भाषांतर केलं. म्हातारबाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि काहीतरी म्हणाले. भाची म्हणाली, "ते विचारतायत, तुमच्या वेली झोपतात कधी?"

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. निघताना खिशातून कागदाची पुडी काढली. मला वाटलं बेदाणे असतील. ती सोमवारची तीन स्तनांची पुपाझ्झा होती, तुकडे झालेली. ती तशीच घाईने परत खिशात गेली आणि दुसऱ्या खिशातून बेदाणे निघाले.

स्टेशनच्या पायऱ्या उतरताना हे गप्पच होते. गाडी सुटली, कमानी दिसायला लागल्या, तेव्हा म्हणाले, "एकदाच छाटणी. मग बाकीचं वर्षभर ही माणसं करतात काय?"